हिराजिजीचं न वाजणारं रिव्हॉल्व्हर

आमच्या भागात ज्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर असतं, तो माणूस लग्नाच्या मांडवात कधी सरळ बसत नाही. जरा तिरका बसतो. कमरेला टोचतं म्हणून, असं तो सांगतो. खरं म्हणजे तिरकं बसल्याशिवाय सदऱ्याचं टोक वर सरकत नाही आणि आतलं चामड्याचं पाकीट लोकांना दिसत नाही. तापीकाठच्या आमच्या गावांत ऊस, केळी नाहीतर पपईनं दोन वर्षं साथ दिली की माणसाला आधी चारचाकी लागते, मग ओट्याला चकचकीत फरशी लागते आणि त्यानंतर त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. बसस्टँडच्या मागे, भर वस्तीत राहणारे लोकही परवान्याच्या अर्जात आपण शेतात एकटे राहतो असं लिहितात.

खरोखर शेतात एकटी राहणारी आणि परवाना असणारी एकच व्यक्ती मला माहीत होती. ती मांडवात सरळ बसायची. तिचं रिव्हॉल्व्हर घरी मिरच्यांच्या कोठीत असायचं.

तिचं नाव हिराबाई. आमच्याकडे वयानं मोठ्या आणि शब्दाला वजन असलेल्या बाईला जिजी म्हणतात, म्हणून सगळ्या गावाची ती हिराजिजी. शहाद्याहून प्रकाशाकडे जाताना आत वळलं की आमचं गाव, गावाबाहेर नाल्यापलीकडे तिचा मळा आणि मळ्यातच घर. तिच्या बांधाला लागून माझ्या वडिलांचं वावर आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. जिजीच्या लेखी शिकवणारा माणूस म्हणजे मास्तर, मग तो बालवाडीत शिकवो की विद्यापीठात. मी सुरुवातीला दुरुस्ती करून पाहिली. पुढे मास्तर म्हटलं की वळून बघायला शिकलो.

अंगानं ती काटकुळी होती. डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदलेलं जुनं हिरवं चिन्ह आणि पायात नवऱ्याचे काळे रबरी गमबूट. बूट तिला दोन अंगुळं मोठे होते, त्यामुळे ती बांधावरून येत असली की आधी फटक फटक असा आवाज यायचा. "थकनू रे भाऊ," हे तिचं आवडतं वाक्य. बाकीची माणसं ते काम संपल्यावर म्हणतात. जिजी काम सुरू करताना म्हणायची. एकदा म्हणून टाकलं की मोकळी होऊन ती दुपारपर्यंत निंदत राहायची.

भाषणाचा तिला मनापासून कंटाळा होता, आणि त्यावर तिनं एक उपाय शोधला होता. नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीत असेल. बाजाराआधी मिरची वाळवायच्या मैदानांवर, पथारीवर, लाल गालिचे पसरतात तसं तिच्या ओसरीवर घरच्या वाळल्या मिरच्यांचं टोपलं वर्षभर असायचं. कुणी येऊन बसलं आणि घसा खाकरू लागलं की जिजी टोपलं त्याच्यापुढे सरकवायची.

"देठ खुडा. बोला बोला, मी आयकी ऱ्हायनू."

मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "हात रिकामा ऱ्हायना का मानूस भाषन करस."

एका उमेदवारानं तिच्या ओसरीवर बसून विकासाबद्दल बोलता बोलता बरंच टोपलं खुडून दिलं, मग सवयीनं चष्मा काढून डोळे पुसले आणि पुढच्या तीन गावांत तो लाल डोळ्यांनी फिरला. तिकडे लोकांना वाटलं, माणूस जनतेसाठी रात्रंदिवस जागतोय.

याच टोपल्यानं तिच्या धाकट्या दिराची, आप्पांची, गावात इज्जत वाढवली होती. जिजीचे यजमान गेले तेव्हाची गोष्ट. त्यांना सगळे दादा म्हणायचे. दिवसकार्य उरकलं आणि आप्पा ओसरीवर बोलायला बसले. पांढरे कपडे, हलका आवाज, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. जिजीला मूलबाळ म्हणजे एक मुलगी, ती सुरतला दिलेली. आप्पांनी विषय काढला तसं जिजीनं टोपलं सरकवलं.

"वहिनी, तुम्ही एकल्या मळामा कशा ऱ्हाशात? गावमा चला. आमनाच घरना मांगे खोली शे. मळा आम्ही देखसूत."

"मन्हाजोडे वस्तू शे," जिजी म्हणाली.

रिव्हॉल्व्हर हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. ते दादांचं होतं, बत्तीस बोअरचं, त्यांनी कुणा निवृत्त अधिकाऱ्याकडून जुनं घेतलेलं. दादांच्या आजारपणातच परवाना जिजीच्या नावावर करून घेतला होता.

"वस्तू शे ते ठीक शे. पन परवाना कायमना थोडाच ऱ्हास?"

"ज्या दिन परवाना जाई, त्या दिन मी गावमा येसू."

"बोलनं पक्कं?" आप्पांनी भाऊबंदांकडे बघत विचारलं.

"मी काय निवडणूकले उभी शे का, बोलीसन फिराले?"

आप्पांनी तेव्हा हातानं डोळे चोळले. मग ते थांबेचनात. ओसरीवरून उतरताना त्यांच्या दोन्ही गालांवरून धारा वाहत होत्या. भावासाठी इतका रडणारा भाऊ गावानं त्याआधी पाहिला नव्हता.

काही वर्षं जिजी मळ्यात राहिली आणि परवाना तिच्याजवळ राहिला. वस्तू वाजवायची वेळ आली ती थेट बिबट्यामुळे. आमच्याकडे उसात बिबटे राहतात. ऊस उभा असेपर्यंत त्यांनाही तो गावासारखाच. त्या वर्षी आप्पांच्या उसाची तोड चालू होती, आणि दिवेलागणीला त्यातून निघालेला एक बिबट्या जिजीच्या गोठ्याकडे आला. तिच्या वर्षाच्या बोलीवरच्या गड्यानं, सालदारानं, आरडाओरडा केला. बांधापलीकडून आप्पा आणि तोडीवरची माणसं धावत आली. जिजी घरातून वस्तू घेऊन आली, हात वर केला आणि चाप ओढला.

टक.

पुन्हा ओढला. पुन्हा टक. जमलेल्या सगळ्यांना तो आवाज स्पष्ट ऐकू गेला, कारण बिबट्यासकट सगळे तेवढ्यापुरते गप्प झाले होते. मग सालदारानं पत्र्याचा डबा बडवला आणि बिबट्या कंटाळल्यासारखा उसात परत गेला.

सकाळपर्यंत गावात त्या वस्तूला फुसकी असं नाव पडलं होतं. आठवडाभरात आप्पांचा अर्ज ठाण्यात पोचला. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आलीच होती. आप्पांनी लिहिलं होतं की शस्त्र नादुरुस्त आहे, धारक वृद्ध असून तिला ते हाताळता येत नाही, आणि अशा शस्त्रापासून आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जिवाला धोका आहे. ठाण्यातून निरोप आला की तपासणीसाठी शस्त्र घेऊन या आणि चालवून दाखवा.

जिजी माझ्या ओट्यावर येऊन बसली. आल्या आल्या म्हणाली, "थकनू रे भाऊ." त्यावरून मी ओळखलं की काहीतरी काम सुरू होतंय.

"मास्तर, तुमनी गाडी नंदुरबारले जास का?"

परवान्याच्या हत्यारांचं एक जुनं दुकान नंदुरबारच्या बाजारात आहे. दुकान म्हणजे तय्यबशेठ. हे बोहरी गृहस्थ आता साठीच्या पुढचे. दुकानात बंदुका कमी आणि पक्षी-माकडं हाकलायच्या आवाजी नळ्याच जास्त. ते बसल्या जागेवरून कुठल्याही गिऱ्हाइकाला आधी नाउमेद करायचे. धंद्यात राम नाही, मुलगा दुबईत आहे, दुकानात कामाला पोरगा शोधूनही मिळत नाही, आणि हे काय आणलंत तुम्ही, हे सगळं ते एका दमात म्हणायचे.

जिजीनं कापडी पिशवीतून मेथीची जुडी, चष्म्याचं घर आणि रिव्हॉल्व्हर काढून काउंटरवर ठेवलं.

शेठनी चकरी उघडली, काडतुसं काढली आणि त्यांचं बूड दिव्यासमोर धरलं. बुडाच्या मध्यभागी एक बारकी टोपी असते. घोडा पडला की पिन तिच्यावर आदळते आणि दारू पेटते. टोपीवर खोल खड्डा पडायला हवा. इथे कणकेवर नखाचं टोक टेकवावं तेवढी खूण होती.

"काडतूस जूनां छे," शेठ म्हणाले. "बेन, ये तो भाईना टाइमनां. मरी गयां."

नवी काडतुसं घेतली. दुकानामागे वाळू भरलेलं जाड लोखंडी पिंप आहे, त्यात झाडून पाहतात. एक वाजलं, पुढची दोन नुसती टकटकली. तीच पुन्हा फिरवून आणली तेव्हा त्यातलं एक वाजलं. काडतुसांवर घेतलेला आळ शेठनी मागे घेतला, पण नव्या काडतुसांबद्दल दिलगिरी व्यक्त केली नाही.

मग त्यांनी बाजूची झाकणपट्टी उघडली, आत वाकून पाहिलं आणि एक, दोन, मग मोजता येणार नाहीत इतक्या शिंका दिल्या.

"आ शुं छे? आ तो चटणी छे!"

तेव्हा कळलं की वस्तू कुठे राहते. जिजीनं सरळ सांगितलं. चोर कपाट उघडतो, गादी उचलतो, पण वाळल्या मिरच्यांच्या कोठीत कोपरापर्यंत हात कोण घालील? वर तिची निगा अशी की दर दसऱ्याला पूजा करून, घरच्या शेंगदाण्याच्या तेलानं चांगली माखून, फडक्यात गुंडाळून पुन्हा मिरच्यांत. तेल चिकट होत गेलं, मिरचीची भुकटी त्यात बसत गेली, आणि घोड्याच्या खाचेत गडद लाल लोणचं जमलं होतं.

"चाळीस वरस में," शेठ डोळे पुसत म्हणाले, "बंदूकमांथी जंग निकळ्यो, कीडी निकळी. ठेचा पेहली बार."

"तेल घरना घानानं शे," जिजी म्हणाली. तिला वाटलं, तेलाच्या प्रतीवर शंका घेतली जातेय.

शेठनी आतला भाग न् भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, यंत्राचं पातळ तेल दिलं. घोडा आता खडखडीत पडत होता. आम्ही पिंपाकडे गेलो. पाच वाजली. सहाव्याला टक.

या सहाव्या टकनं तय्यबशेठ खरे वैतागले. तोवर ते दुरुस्ती करत होते, आता त्यांचा अपमान झाला होता. आम्हाला त्यांनी पुढच्या आठवड्यात या म्हणून हाकललं. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा काउंटरवर दोन कमानी ठेवलेल्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. घोड्याला मागून रेटणारी ही कमान. नवी जाड होती. जुनी कुणीतरी कानशीनं घासून मुद्दाम पातळ केलेली होती.

"कोणी कर्यूं आ?"

जिजीनं जुनी कमान उचलून डोळ्यांजवळ धरली. दादांच्या उजव्या हाताला शेवटी शेवटी कंप सुटला होता. बोटात जोर नव्हता. तेव्हा ते सुरतला मुलीकडे गेले असताना वस्तू कुणाला तरी दाखवून आले होते, आणि आल्यावर सगळ्यांना सांगत होते की आता बघा, लोण्यासारखी चालते. चाप हलका व्हावा म्हणून कमान घासली, आणि कमान घासली म्हणून घोड्याचा मार हलका झाला.

"म्हनजे त्या बी," जिजी हळूच म्हणाली, "फुसकीवरच मिशीले पीळ देत व्हतात."

आणि ती हसली. दादा गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. शेठही हसले. त्यांना पुन्हा शिंक आली.

नवी कमान बसवली. पिंपात सगळी काडतुसं वाजली. एकही राहिलं नाही. शेठनी काडतुसांची रिकामी बुडं दाखवली, प्रत्येकावर खड्डा कसा अगदी मध्यावर आणि खोल. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, म्हणजे नाराजी जरा कमी होती. त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर जिजीच्या हातात दिलं. "हवे बेन, तमे चलाओ."

जिजीनं बोट घातलं आणि ओढलं. चाप हलला नाही. तिनं दुसऱ्या हाताचं बोटही आत घुसवलं. अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या, ओठ आत गेले. निंदणी, मिरची तोडणी आणि धारा काढण्यात तिची बोटं सांध्यांशी गाठाळली होती. आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढून मग चाप दाबला तर जोर कमी लागतो, म्हणून शेठनी ते करायला लावलं. अर्ध्या वाटेत अंगठा घसरला आणि घोडा खाली आपटला. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, तरी शेठ दचकून मागे सरकले आणि त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"नई बेन. भरेली होय तो पगमां गोळी."

शेठनी ते काउंटरवर ठेवलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते. गोष्ट अगदी साधी होती. जुन्या कमानीवर तिला चाप ओढता येत होता, पण वस्तू भरवशानं वाजत नव्हती. नव्या कमानीवर वस्तू वाजत होती, पण तिला ती ओढता येत नव्हती. मधली कमान नाही का, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, घासून बघता येईल, पण मधल्या कमानीवर कधी वाजेल आणि कधी नाही हे वरचा जाणे, आणि असलं अर्धवट काम माझ्या हातून होणार नाही. या विषयावर ते बराच वेळ बोलले. त्यांच्यापुढे मिरच्यांचं टोपलं नव्हतं.

जिजीनं मधेच विचारलं, "ठाणामा चालाडी दखाडाले सांगतीन, ती भरेल का रिकामी?"

"रिकामीच," मी म्हणालो. "ठाण्यात कोण गोळ्या झाडायला सांगेल?"

"मंग जुनी टाका."

"बेन, नहीं बजेगी," शेठ म्हणाले.

"माले ऐकू उनं. टाका."

शेठनी फार कुरकुर केली. खरं सांगायचं तर माझीही इच्छा नव्हती. मी तिला म्हणालो की मळ्यात एकटी, वस्तू बिनभरवशाची, हे बरं नाही. ती मेथी पिशवीत भरत होती. म्हणाली, "मास्तर, वाजनारी वस्तू लिसन मी आप्पाना घरमांगली खोलीमा काय करू?"

नवी कमान शेठनी कागदाच्या पुडीत बांधून दिली. पुन्हा मन झालं तर या, म्हणाले. पैसे कमानीचे घेतले, बसवण्याचे आणि काढण्याचे घेतले नाहीत.

तपासणीच्या दिवशी ठाण्यात आप्पा आधीच येऊन बसले होते, त्यांच्यासोबत चारदोन साक्षीदार. फौजदार तरुण होता, पण बंदोबस्त आणि सर्दी यांनी अकाली म्हातारा झालेला. त्यानं क्रमांक पडताळला, चकरी उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि रिव्हॉल्व्हर जिजीपुढे ठेवलं.

"आजी, उघडून दाखवा. बंद करा. आता भिंतीकडे तोंड करून चाप ओढा."

जिजीनं ओढला. टक. चकरी फिरली. पुन्हा टक, पुन्हा टक. एका लयीत, ताक घुसळावं तशी ती चाप ओढत राहिली. फौजदारानं भुवया उंचावल्या. त्यानं स्वतः एकदा ओढून पाहिला. "छान चालतंय की. लोण्यासारखं."

"साहेब, हाई वाजतंच नही!" आप्पा उठले. "बठ्ठा गावनी आयकेल शे. बिबट्यावर नुसती टक टक झायी."

फौजदारानं रुमालात नाक शिंकरलं, अर्ज पुढे ओढला आणि वाचला.

"आप्पा, यात तुमच्या दोन तक्रारी आहेत. एक, हे वाजत नाही. दोन, याच्यापासून तुमच्या जिवाला धोका आहे. यातली एक निवडा, म्हणजे मला अहवाल लिहिता येईल."

साक्षीदारांपैकी एकजण हसला, मग आपण कुणाचे साक्षीदार हे आठवून थांबला. आप्पा बसले. ते मूर्ख नव्हते. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, फक्त एकत्र बसत नव्हत्या. जिजीनं सबंध वेळ एकही शब्द खोटा उच्चारला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो. तिला कुणी काही विचारलंच नाही.

अहवाल वर गेला, परवाना नवा होऊन आला. पुडीतली कमान तिच्या देवघराच्या फळीवर पडून राहिली. मी तिला पुन्हा नंदुरबारला चला म्हणालो. ती म्हणायची, हो, मिरची निघाली की. मग म्हणायची, पपई निघाली की. वावरातून काही ना काही निघतच राहतं.

उन्हाळ्यात निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या दिवशी ठाण्याच्या ओट्यावर आमच्या भागातली सगळी तिरकी बसणारी मंडळी सरळ बसलेली मी पाहिली. कमरेचं काढून दिलं की त्यांचे खांदे उतरायचे आणि पोट एकदम दिसायला लागायचं. जिजीनं पिशवीतून वस्तू काढून दिली, पोच घेतली, पिशवी झटकली आणि माझ्या गाडीवर मागे बसली.

संध्याकाळी मी तिला सोडून ओसरीवर पाणी पीत होतो तेव्हा आप्पा आले. उभेच राहिले. टोपल्याच्या जवळ बसायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. या वेळी त्यांचा आवाज नेहमीसारखा गुळगुळीत नव्हता. तेही म्हातारे झाले होते. उसाला भाव नव्हता, मुलगा ऐकत नव्हता.

"वहिनी, आते ते वस्तू बी नही घरमा. बठ्ठासले ठाऊक शे. चला ना गावमा. आते भांडाले बी कटाळा येस."

"माले बी येस," जिजी म्हणाली. "परवाना घरमा शे, आप्पा. मी परवानानं बोलनू व्हतू. वस्तूनं नही."

आप्पा म्हणाले, "चहा तरी टाका." जिजीनं चहा टाकला. दोघांनी तो प्यायला. त्या भांडणाची यापेक्षा मोठी समेटाची बैठक झाली नाही.

निवडणूक झाली, निकाल लागले. दुसऱ्याच दिवशी मंडळींनी हत्यारं परत न्यायला ठाण्यात गर्दी केली. जिजी गेली नाही. ठाण्यातून तिला फोन आला, मग मला आला. मी तिला आठवण करून दिली. ती पुढच्या बाजाराला जाऊ म्हणाली. असे कितीतरी बाजार गेले. हिवाळ्यात ती चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मळ्यातच गेली. मुलगी वेळेवर पोचली. मळा आता मुलगी वाट्यानं देते. रिव्हॉल्व्हर अजून ठाण्यातच आहे, वारसाच्या कागदांची वाट बघत.

मला ती आठवते ती त्या मे महिन्यातली. आप्पा चहा पिऊन गेल्यावर काही दिवसांनी मी मोटर बंद करायला वावरात गेलो होतो. ऊन नुकतंच कललं होतं, दिवसभर तापलेली माती अजून वाफ सोडत होती. जिजी घरातून खाट बाहेर ओढत होती. मी हात लावला. अंगणात निंबाखाली ती टाकली.

"आत लई गरम व्हस?" मी विचारलं.

"आजनं का?" ती म्हणाली. "त्या गयात तवापासून मी आतच झोपस. कोठीले टेकीसन. दार लाईसन, खिडकी लाईसन. वस्तू चोरीले गयी ते माले जेल व्हई ना. मास्तर, तुमले सांगस, वस्तूनी मन्ही राखन कधी करी नही. मीच तिन्ही करी."

मग तिनं गमबूट काढून खाटेखाली ठेवले आणि आडवी झाली. मी बांधावर जाऊन मोटर बंद केली आणि गाडीकडे परत आलो. तेवढ्यात तिला झोप लागली होती. तापीकडून वारा सुटला होता. तोंडावरचा पदर बाजूला गेला होता, गाठाळलेली बोटं उलगडून खाटेबाहेर लोंबत होती, आणि मागे घराचं दार सताड उघडं होतं. गाडीच्या आवाजानं ती उठेल म्हणून मी ती चालू न करता रस्त्यापर्यंत ढकलत नेली.